मुलांना जगाशी जोडायचं कसं: लासलगावच्या कांद्यापासून ढाक्यापर्यंत

शाळेतला ‘आंतरराष्ट्रीय दिन’ बहुतेक पालकांनी पाहिलेला असतो. कुणी किमोनो घालून येतं, कुणी पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर आणतं, झेंडे, राजधान्या आणि चलनं पाठ म्हणून दाखवली जातात, फोटो निघतात. मुलांना मजा येते आणि त्याला माझी काहीच हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात नव्याने आलेल्या, मराठी न येणाऱ्या मुलाशेजारी कुणी डबा उघडत नाही. पूर, युद्ध, निर्वासित अशी बातमी लागली की घरी चॅनल बदललं जातं. तीस-चाळीस देश एका दिवसात उरकले की त्यातल्या एकाही देशातला माणूस मुलांच्या ओळखीचा होत नाही.

म्हणून इथे वेगळी पद्धत सांगते. एकच देश निवडा. आपल्या घरातून तिथवर जाणारा एक खराखुरा धागा शोधा आणि शाळेचं एक अख्खं वर्ष तो धागा सोडू नका. उदाहरणासाठी मी बांगलादेश घेतला आहे. महाराष्ट्रातला कांदा तिथे जातो आणि तिथे शिवलेले कपडे आपल्याकडच्या दुकानांत येतात, हे एक कारण झालं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या मुलांच्या कानावर या देशाचं नाव बहुतेक वेळा संशयाच्या सुरातच पडतं. दूरच्या, देखण्या देशाबद्दल आपुलकी वाटणं सोपं असतं. शेजाऱ्याबद्दल ती वाटायला शिकावं लागतं.

हा कार्यक्रम साधारण सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. शिक्षक, पालक, वाचनालय चालवणारे, सोसायटीतले उत्साही आजोबा, कुणीही तो घेऊ शकतं. आठ ते पंधरा मुलांचा गट आणि आठवड्याला एक तास पुरे. पृथ्वीगोल, दोऱ्याचं रीळ, प्रत्येकाची एक वही आणि मोठ्या माणसाच्या हातात एक मोबाइल, यापलीकडे खर्च नाही.

पायरी १: भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा, पृथ्वीगोल घ्या

अनेक भिंतींवर लावलेल्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून असं होतं. मुलांना हे सांगण्याआधी त्यांना स्वतः गोलावर पाहू द्या.

मग दोरा हातात द्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरायचं आणि गुवाहाटीपर्यंतचं अंतर मोजायचं. त्यानंतर ढाका, त्यानंतर मस्कत. सरळ रेषेत मोजलं तर मुंबईपासून गुवाहाटी सुमारे २१०० किलोमीटर, ढाका १९०० आणि मस्कत १६०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे ही दोन्ही ‘परदेशी’ शहरं आपल्याच देशातल्या गुवाहाटीपेक्षा जवळ आहेत. यावर भाष्य करू नका. वहीत आकडे लिहायला सांगा आणि तास संपवा.

पायरी २: स्वयंपाकघरातून धागा काढा

पुढच्या तासाला प्रत्येकाने घरून एक कांदा आणायचा. हा कांदा कुठून आला? आईला विचारायचं, भाजीवाल्या मावशींना विचारायचं, त्यांनी कुठल्या मंडईतून उचलला ते विचारायचं. पुण्या-मुंबईतल्या मुलांचा माग बहुधा नाशिक, अहिल्यानगर किंवा पुणे जिल्ह्यापर्यंत जाऊन पोचतो. लासलगावची बाजार समिती नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आहे आणि तिथे निघालेल्या भावाकडे देशभरातले व्यापारी लक्ष ठेवून असतात.

जमलं तर एकदा जवळच्या बाजार समितीत लिलाव बघायला न्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत असतो आणि काही क्षणांत एखाद्या घराच्या चार महिन्यांच्या कष्टाला क्विंटलमागे भाव लागतो. तो क्षण मुलांनी पाहायलाच हवा. शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा, एवढंच सांगा. शक्य असेल तर कांदाचाळही दाखवा. उन्हाळ कांदा महिनोन् महिने तिथे साठवतात. वजन घटतं, काही कांदा सडतो, काहीला कोंब येतात. ‘भाव वाढेपर्यंत थांबायचं’ म्हणजे रोज थोडं थोडं नुकसान सोसत थांबायचं, हे चाळीत उभं राहिल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता कांद्याला हात लागलेल्या माणसांची यादी करायची. लागवडीला आणि काढणीला आलेल्या मजूर बाया, शेतकरी, ट्रॅक्टरवाला, हमाल, मापाडी, व्यापारी, प्रतवारी करून जाळीच्या गोण्या भरणारे कामगार, ट्रकचालक. त्यापुढे दोन फाटे. एक न्हावा शेवा बंदरातून जहाजाने आखाती देशांकडे आणि आग्नेय आशियाकडे जातो. दुसरा रस्त्याने पश्चिम बंगालमधून, पेट्रापोल आणि घोजाडांगासारख्या सीमेवरच्या नाक्यांतून बांगलादेशात. तिथून ढाक्यातल्या कारवान बाजारासारख्या घाऊक मंडईत, तिथून गल्लीतल्या दुकानात आणि शेवटी कुणाच्या तरी मसूर डाळीच्या फोडणीत.

ज्यांचे काका-मामा दुबई, मस्कत, दोहा इथे आहेत त्यांना एक गृहपाठ द्या. मामाला सांगून तिथल्या दुकानातल्या कांद्याच्या पाटीचा फोटो मागवायचा, भाव आणि कुठल्या देशातून आला ते दिसेल असा. भारताबरोबर पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, नेदरलँड्स अशी नावं येऊ शकतात. निफाडच्या शेतकऱ्याची स्पर्धा नेमकी कुणाशी आहे हे मुलांना एका फोटोतून कळतं, आणि परदेशातल्या नातेवाइकाशी बोलायला ‘अभ्यास कसा चाललाय’ यापेक्षा बरा विषय मिळतो.

पायरी ३: एकच घटना तीन घरांत नेऊन बघा

सगळ्या वर्षातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे. याला घाई करू नका, तीन-चार तास द्या.

घटना खरी घ्यायची. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. देशात भाव भडकले होते. बांगलादेशात त्याचा परिणाम लगेच जाणवला. काही दिवसांतच त्या देशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा जाहीर कार्यक्रमात त्यांनी हसत हसत सांगितलं की आता स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस असं सांगितलं आहे, आणि बंदीची आधी कल्पना दिली असती तर बरं झालं असतं. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, तेव्हा नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. हा घटनाक्रम फळ्यावर लिहून ठेवा.

आता तीन खुर्च्या मांडा. एक निफाड तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबाची, एक मुंबईत महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईची, एक ढाक्यात रिक्षा ओढणाऱ्याच्या घराची. प्रत्येक खुर्चीत दोन-तीन मुलं बसतील. प्रश्न एकच: निर्यातबंदी झाली. तुमच्या घरात आज काय बदललं?

बोलण्याचा एक नियम कडक पाळा. दुसऱ्याच्या मुद्द्याला उत्तर देण्याआधी तो मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा, आणि समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणाला तरच पुढे बोलायचं. पहिल्या दिवशी हा नियम मुलांना जाचक वाटतो, कारण ऐकता ऐकता मनात आपलं उत्तर जुळवायची सवय सगळ्यांनाच असते. तरीही सोडू नका. पुढच्या तासाला खुर्च्या बदला. काल शेतकऱ्याच्या बाजूने तावातावाने बोललेला मुलगा आज ढाक्याच्या खुर्चीत बसला की त्याचा आवाज बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दोन गोष्टी सांभाळा. गटात खरोखरच कांदा पिकवणाऱ्या घरातलं मूल असेल तर त्याला आपल्याच घराची बाजू मांडायला लावू नका. ते आपणहून बोललं तर सगळं थांबवून ऐका. आणि बरोबर कोण, चूक कोण असा निकाल तुम्ही देऊ नका. सरकार कुठल्या पक्षाचं होतं यावर चर्चा घसरू लागली, तर तिला फळ्यावरच्या घटनाक्रमाकडे आणि तीन घरांकडे परत आणा. तिन्ही घरांची गरज खरी आहे आणि तिन्ही एकदम भागत नाहीत, ही अडचण मुलांच्या मनात तशीच राहू द्या. पुढच्या आयुष्यात पाणी, वीज, हवामान, स्थलांतर यांतला कुठलाही प्रश्न त्यांच्यापुढे याच रूपात येणार आहे.

पायरी ४: कीव येऊ देऊ नका, शिकायला लावा

गरीब देशाबद्दल बोलताना आपण नकळत दयेच्या सुरात जातो. मुलं तो सूर चटकन उचलतात आणि मनातल्या मनात एक पायरी वर चढून बसतात. त्यावर उपाय म्हणजे त्या माणसांकडून आपल्याकडे काय आलं ते शोधायला लावणं.

बांगलादेशाच्या बाबतीत उत्तर आपल्या औषधाच्या डब्यातच आहे. जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, हे आज आजीपासून डॉक्टरपर्यंत सगळे सांगतात. पण ठरावीक प्रमाणातलं मीठ आणि साखर पाण्यातून पाजली तर कॉलऱ्याचा रुग्ण वाचू शकतो, हे रुग्णांवर पद्धतशीरपणे सिद्ध करण्याचं मोठं काम १९६८ च्या सुमारास ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत झालं. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत जलसंजीवनी तयार करून नातेवाइकांच्याच हातून ती रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांखाली आलं. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

यापुढचा भाग मुलांना फार आवडतो. १९८० च्या दशकात ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेने हजारो बायकांना गावोगाव पाठवलं. त्या घराघरांत जाऊन आयांना शिकवत: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी. दहा वर्षांत त्या एक कोटीहून अधिक घरांत पोचल्या. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला आईला नंतर किती आठवतं यावर ठरत असे. तुमच्या गटातल्या मुलांना विचारा, अशी पद्धत आपल्या शाळेत लावली तर काय होईल? भरपूर हशा होतो आणि मग चर्चा चांगली रंगते.

कोकणातल्या गटांसाठी आणखी एक धागा आहे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसं दगावली. त्यानंतर १९७२ मध्ये तिथे स्वयंसेवकांचा पूर्वसूचना कार्यक्रम सुरू झाला. कर्णे आणि झेंडे घेऊन गावोगाव इशारा देणारी माणसं तयार झाली, निवारे बांधले गेले. मे २०२० मध्ये अम्फान वादळ आलं तेव्हा तिथल्या मृतांची संख्या दोन आकडी राहिली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ जून रोजी, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दापोली, अलिबागकडच्या मुलांनी त्या दिवशी आपल्या गावात इशारा कुणी दिला, कसा दिला, कोण कुठे थांबलं हे मोठ्यांना विचारून लिहावं आणि शेजारच्या पानावर बांगलादेशातली व्यवस्था मांडावी.

पायरी ५: कपड्यावरचं लेबल, चौदा वर्षांपुढच्या मुलांसाठी

लहान मुलांना हा भाग नको. मोठ्यांना घरातल्या शर्टांची, जीन्सची आतली लेबलं तपासायला सांगा. काहींवर ‘मेड इन बांगलादेश’ सापडेल. तिथल्या गिरण्या भारतातून कापूस आणि सूत विकत घेतात, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्या भागांत हा धागा शेतापासून सुरू करता येतो.

मग राणा प्लाझाची हकिगत सांगा, शांतपणे, फोटो न दाखवता. ढाक्याजवळच्या सावर इथली ही आठ मजली इमारत. वरचे मजले बेकायदा चढवलेले. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना आणि खांबांना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावलं. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं मेली. बहुतेक तरुण मुली होत्या.

इथे थांबलात तर मुलं फक्त हादरतील किंवा स्वतःला दोष देतील. म्हणून पुढचंही सांगायलाच हवं. काही आठवड्यांत कामगार संघटना आणि परदेशी कपडा कंपन्या यांच्यात अग्निसुरक्षा आणि इमारत सुरक्षेचा कायद्याने बांधील असा करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या, कारखान्यांची तपासणी झाली, दुरुस्त्या करून घेतल्या गेल्या. हे घडलं कारण कामगार संघटनांनी दबाव आणला, पत्रकारांनी लावून धरलं आणि दूरच्या देशांतल्या ग्राहकांनी दुकानदारांना प्रश्न विचारले. मुलांना प्रश्न द्या: त्या साखळीत आपण कुठे उभे आहोत आणि तिथून कुणाला काय विचारता येईल? ‘तिथले कपडे घ्यायचेच नाहीत’ असं उत्तर हमखास येतं. मग शिवणाऱ्या मुलीच्या पगाराचं काय होईल, यावर त्यांनाच विचार करू द्या.

पायरी ६: अवघड शब्द वर्गात आला तर पळू नका

कधी ना कधी कुणीतरी म्हणेलच, ‘पण ते लोक तर घुसखोर असतात ना?’ मुलाला रागावू नका. त्याने ते घरी, टीव्हीवर किंवा रिक्षात ऐकलेलं असतं. प्रश्न गप्प केलात तर तो वर्गाबाहेर वाढत राहील.

मी अशा वेळी दोन कप्पे करून घेते. सीमा कोण ओलांडू शकतं, कागदपत्रं कोण तपासतं, निर्णय कुणी द्यायचा हा कायद्याचा कप्पा. तो पोलिसांचा आणि न्यायालयांचा आहे, वर्गातल्या मुलांचा नाही. समोरच्या माणसाशी आपण कसं बोलतो, हा दुसरा कप्पा आणि तो पूर्ण आपला आहे. बंगाली बोलणारे कोट्यवधी लोक भारताचे नागरिक आहेत, हेही स्पष्ट सांगा. बांधकामावरचा गवंडी किंवा सोन्याच्या दुकानातला कारागीर बंगाली बोलतो एवढ्यावरून त्याच्यावर शिक्का मारणं म्हणजे आपल्याच देशबांधवाचा अपमान ठरू शकतो. गटात बंगाली किंवा इतर परप्रांतीय मूल असेल तर हा तास त्याच्याकडे न पाहता घ्या, त्याला कसलाही पुरावा द्यावा लागतो आहे असं वाटता कामा नये.

मग कोल्हापूरची गोष्ट सांगा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं. त्यातले काही सुटून इराणमार्गे भारतात पोचले. काही मुलांना जामनगरजवळ बालाचडीत आसरा मिळाला आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. पंचगंगेच्या परिसरात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं आली. आज तिथे गांधीनगरची मोठी कापड बाजारपेठ आहे. वळिवड्यात वाढलेली पोलिश मुलं म्हातारपणीही कोल्हापूरला येत राहिली आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या आठवणीचं स्मारक उभं आहे. कोल्हापूर-सांगलीच्या मुलांनी तर पणजी-पणजोबांकडून आलेल्या आठवणी गोळा कराव्यात. बाकीच्यांनी घरातली जुनी पाकिटं धुंडाळावीत. १९७१ च्या अखेरीपासून काही काळ पत्रांवर बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. ते तिकीट सापडलं की घरातल्या ज्येष्ठांची त्या काळाची आठवण आपोआप निघते.

याच सुमारास एखादे पालक विचारतील, की असं शिकवून मुलांचं देशप्रेम पातळ नाही का होणार? प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही नीट द्यावं. १९३८ मध्ये भारत स्वतः पारतंत्र्यात होता. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या पाचांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते चीनमध्येच राहिले, भाषा शिकले, आघाडीवरच्या जखमींवर उपचार केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांना पाठवणारे लोक या देशाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जात होते. स्वतःच्या देशाचं आणि दुसऱ्याच्या दुःखाचं काम एकाच माणसाला करता येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पायरी ७: बातमी दोन्ही बाजूंनी वाचा

हे थोडक्यात. बांगलादेशाबद्दल एखादी मोठी बातमी आली की मराठी वर्तमानपत्रातली आणि ढाक्याच्या ‘डेली स्टार’ किंवा ‘प्रथम आलो’ यांच्या इंग्रजी संकेतस्थळावरची बातमी शेजारी शेजारी ठेवा. कुणाचं म्हणणं छापलं आहे, कुणाचं नाही, फोटो कुणाचा आहे, आकडा कुठून आला, एवढं वहीत टिपायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो असेल तर तो आधी कधी, कुठे वापरला गेला होता ते फोटोवरून शोध घेऊन बघायला शिकवा. जुना किंवा भलत्याच देशातला फोटो सापडला की मुलं घरातल्या मोठ्यांनाही तपासायला लावतात.

पायरी ८: प्रत्यक्ष माणसाशी बोला

इतकी तयारी झाल्यावरच, साधारण दिवाळीनंतर, ओळखीची पायरी घ्या. आधी घेतली तर मुलं ‘तुमचा आवडता क्रिकेटपटू कोण’ यापलीकडे जात नाहीत. तुमच्या शहरातल्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात बांगलादेशी विद्यार्थी आहेत का ते तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात विचारा. नाही मिळाले तर तिथली शाळा किंवा वाचनालय शोधून मुख्याध्यापकांना शिक्षकांनीच पत्र लिहावं आणि दोन गटांची व्हिडिओवर भेट ठरवावी.

काही नियम अजिबात सैल करू नका. संपर्क नेहमी मोठ्यांमार्फत. मुलांचे फोन नंबर, पत्ते, समाजमाध्यमांवरची खाती एकमेकांना द्यायची नाहीत. पालकांची लेखी परवानगी आधी घ्यायची, भेटीच्या वेळी मोठं माणूस खोलीत हवंच आणि भेटीची चित्रफीत कुठेही टाकायची नाही.

भेटीआधी प्रत्येक मुलाने तीन प्रश्न लिहावेत. त्यातला एक तरी असा असावा, ज्याचं उत्तर इंटरनेटवर मिळणार नाही. ‘तुमच्या घरी कांदा महाग झाला की काय रद्द होतं?’ हा मला आवडणारा प्रश्न. तिकडच्या मुलांचेही प्रश्न येऊ द्या आणि ते टोकदार असले तरी टाळू नका. ‘तुम्ही न सांगता निर्यात का बंद करता?’ असं कुणी विचारलं, तर मुलांना तीन खुर्च्यांचा सराव झालेला असतो. तुम्ही मध्ये पडू नका.

पायरी ९: एक छोटं काम, पण खरं

वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत गटाने एक काम निवडायचं. निधी गोळा करणं हे पहिलं उत्तर येतं. मी ते शक्यतो टाळते, कारण पैसे पाठवले की मुलांना काम संपलं असं वाटतं. आपल्या आवाक्यातलं काम शोधा. कांदा सडण्याचं प्रमाण कमी करायला काय करता येईल, यावर परिसरातल्या शेतकऱ्यांशी बोलून कृषी विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्याला निवेदन देता येतं. शाळेच्या खिचडीतलं अन्न किती वाया जातं ते महिनाभर मोजून मुख्याध्यापकांपुढे मांडता येतं. जगातल्या देशांनी २०३० पर्यंत दुकानांतली आणि घरांतली अन्नाची नासाडी निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे, त्या उद्दिष्टाशी हे थेट जोडलेलं आहे. वीटभट्टीवर, ऊसतोडीवर, बांधकामावर आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी शनिवारचा खेळ आणि गोष्टींचा तास सुरू करता येतो. गावात बालसभा होत असेल तर तिथे विषय मांडता येतो. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ ची, भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली, आणि आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा मुलांचा हक्क तिच्यात लिहिलेला आहे. निवेदन देताना मुलांना हे माहीत असलं की त्यांचा आवाज कापत नाही.

उपयोग झाला का, हे कसं ओळखायचं

परीक्षा घेऊ नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला बांगलादेशाबद्दल पाच प्रश्न लिहायला लावा आणि ते पान पिन मारून बंद करा. मार्चमध्ये पुन्हा पाच प्रश्न लिहून घ्या आणि मगच जुनं पान उघडा. सुरुवातीचे प्रश्न बहुधा ‘किती’ आणि ‘कुठे’ या धर्तीचे असतात: लोकसंख्या किती, राजधानी कुठे. नंतरच्या प्रश्नांत माणसं यायला हवीत: बंदी लागली तेव्हा सीमेवर अडकलेल्या ट्रकमधल्या कांद्याचं काय झालं, ते नुकसान कुणी भरलं? असे प्रश्न आले नाहीत तर पुढच्या वर्षी तिसऱ्या पायरीला जास्त तास द्या. बहुतेक वेळा कमतरता तिथेच राहिलेली असते.

पुढच्या वर्षीचा देश मुलांनाच निवडू द्या. अट दोनच गोष्टींची: धागा त्यांच्या स्वतःच्या घरातून निघायला हवा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचं काम त्यांना सांगता यायला हवं. तेलाच्या पिशवीतलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियाला नेतं. मोबाइलमधल्या बॅटरीचा कोबाल्ट काँगोला नेतो. चुलत्याची नोकरी कतारला नेते. मॉरिशसमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुलं शाळेत मराठी शिकतात, तोही धागा सुरेख आहे. निवड मे महिन्यातच करून ठेवा, म्हणजे सुट्टीत घरोघरी चौकशी होते आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वीगोलावर दोरा धरताना मुलांना दुसरं टोक कुठे ठेवायचं ते माहीत असतं.